पता नहीं, मॅडम

कॉन्रॅड मूळचा उत्तनचा, पण जहाजावर कोणी गाव विचारलं की तो ‘मीरा रोड’ म्हणायचा. ते अगदी खोटंही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्याने पेणकरपाड्याजवळ फ्लॅट घेतला होता. बायको लुईझा तिथेच राहायची, आधार कार्डापासून गॅसच्या जोडणीपर्यंत सगळं त्याच पत्त्यावर होतं. पण उत्तन न सांगण्याचं कारण वेगळं होतं. नौदलात भरती झाल्यावर पहिल्याच वर्षी बराकीतल्या एकाने त्याच्या पेटीतला सुक्या बोंबलांचा डबा वर धरून नाक दाबलं होतं. सगळे हसले. कॉन्रॅडही हसला, म्हणाला, शेजाऱ्यांनी जबरदस्तीने दिलाय, आणि आईने बांधून दिलेला तो डबा त्याने सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकला.

त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली होती. कॉन्रॅड चीफ पेटी ऑफिसर झाला होता, आणि छोट्या होड्यांपासून मोठ्या जहाजाचं रक्षण कसं करायचं यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नव्या खलाशांना तो शिकवायचा, ‘लांबचं विमान रडार दाखवतं. लांबचं जहाज रडार दाखवतं. पण किनाऱ्याजवळ, शंभर मच्छीमार बोटींच्या गर्दीतून एक बोट सरळ तुमच्याकडे वळली, तर तिच्या पोटात मासळी आहे की बारूद, ते कुठलंच यंत्र सांगत नाही. ते डोळ्यांनी ओळखायचं. बंदूक सगळ्यात शेवटी.’

डिसेंबरात त्याची बदली नव्या जहाजावर झाली. घरी लुईझाला ठाऊक होतं. उत्तनला आईला, डेल्फिनबाईला, सांगायचं राहून गेलं होतं.

जानेवारीत एका सकाळी जहाज उत्तरेकडून मुंबईकडे येत होतं. बंदरात जागा मोकळी व्हायला वेळ होता, म्हणून वेग अगदी कमी केला होता. मोठं जहाज हळू चालतं तेव्हाच सगळ्यात उघडं पडतं. त्यात पहाटेच संदेश आला होता, की एखाद्या छोट्या बोटीतून हल्ल्याची शक्यता आहे, सावध राहा. जो तो आपल्या जागेवर होता. कॉन्रॅड डाव्या बाजूच्या मशीनगनमागे उभा होता. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, आगीपासून वाचायला तोंडावर पांढरा सुती बुरखा. त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन लेफ्टनंट इशिता बरुआ. आसामची, वय सत्तावीस, कमी बोलणारी.

धुक्यातून एक बोट बाहेर आली आणि सरळ जहाजाच्या दिशेने यायला लागली.

भोंगा वाजवला. लाउडस्पीकरवरून हिंदीत सांगितलं, लांब राहा. बोट थांबली नाही. लाल प्रकाशाचा गोळा आकाशात सोडला. बोट तरी थांबेना. उलट तिचा वेग वाढला. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता आणि काहीतरी लाल हलवत होता.

इशिताने दुर्बीण कॉन्रॅडकडे दिली. “चीफ, आप तो इसी साइड के हो ना? ये लाल कपड़ा क्या है? बोट पहचानते हो?”

कॉन्रॅडने पाहिलं. बोट हिरवी, वर पिवळा पट्टा. नाळेवरचा माणूस गुडघ्यात वाकून, कापड कमरेच्या खाली धरून गोल फिरवत होता. वर नाही, खाली. उत्तनच्या शेंबड्या पोराला सुद्धा त्याचा अर्थ कळतो, की पुढे जाळं टाकलंय, वळा. आणि तो माणूस उभा कसा राहतो, उजव्या पायावर भार टाकून, तेही कॉन्रॅडला पाठ होतं. तो तुळशीराम होता. दोघे चर्चमागच्या खडकांवरून एकत्र पोहायला शिकले होते. कॉन्रॅडचे वडील गेले तेव्हा कॉन्रॅडचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला होतं, आणि शवपेटीला मुलाच्या जागी खांदा तुळशीरामने दिला होता.

सांगायला दोन शब्द पुरे होते. ‘ओळखतो, मॅडम.’ पण लगेच पुढचं सगळं त्याच्या डोक्यात आलं. ओळखतो म्हटलं की कसा ओळखतो ते सांगावं लागेल. आणि समजा ती बोट कोणी पळवलेली असली तर? समजा आपण सांगितलं म्हणून मॅडम थांबल्या आणि काही झालं तर? मग सगळं आपल्या नावावर. न सांगितलं तर कशाचीच जबाबदारी आपली नाही. नियम आहेत, हुकूम आहे, बंदूक आहे.

“पता नहीं, मॅडम,” तो म्हणाला.

इशिता आणखी दोन-तीन सेकंद थांबली. मग तिने हुकूम दिला. इशाऱ्याच्या गोळ्या, बोटीच्या पुढे, पाण्यात.

कॉन्रॅडने झाडल्या. एकही इकडेतिकडे गेली नाही. बोटीपुढे पाण्याचे फवारे एका ओळीत उठले.

बोट गर्रकन वळली आणि तिथेच अडकली. मग सगळ्यांना दिसलं. पाण्यावर जाळ्याचे बोये तरंगत होते, त्यांच्या रांगेच्या टोकाला काठीवर बावटा होता. बोट आपल्याच जाळ्यात वळली होती. इंजिनाच्या पंख्याने जाळं ओढून घेतलं होतं, आणि जाळ्याचा दोर तुळशीरामच्या हाताला वेढला गेला होता.

जहाजाने लगेच रबरी बोट सोडली. हिरव्या बोटीत तुळशीरामचा मेहुणा सूरज होता, तो हात जोडून ओरडत होता. तुळशीरामला जहाजाच्या मागच्या डेकवर आणलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. वैद्यकीय सहायक पट्टी बांधत होता, पण तुळशीराम गावच्या बोलीत भराभर काहीतरी बोलत होता आणि ते कोणालाच कळत नव्हतं.

“चीफ!” इशिताने हाक मारली. “आप आइए. इनसे बात कीजिए.”

कॉन्रॅड गेला. हेल्मेट, गॉगल, बुरखा, काहीच काढलं नाही. तुळशीरामजवळ उकिडवा बसला आणि हिंदीत म्हणाला, “घबराओ मत. हॉस्पिटल ले जा रहे हैं.”

तुळशीराम त्याच्या गॉगलकडे बघत राहिला. मग तोही मोडक्या हिंदीत म्हणाला, “साहेब, मैं जाल दिखाता था. जाल. लाल कपडा… साहेब, तुमच्यात कोन मराठी न्हाय का?”

“नहीं,” कॉन्रॅड म्हणाला.

चौकशी झाली. भोंगा, लाउडस्पीकर, प्रकाशगोळा, मग इशाऱ्याच्या गोळ्या. सगळं क्रमाने झालं होतं. कोणाची चूक निघाली नाही. उलट नेमक्या गोळीबाराबद्दल कॅप्टनने कॉन्रॅडची सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय, असं त्याने सांगितलं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. “तुलशीच्या हाताला लई लागलं रे. नेव्हीवाल्यांनी गोल्या झाडल्या. बोटां गेली त्याची. कंचं जहाज होतं, तुला कलंल का?”

“विचारून बघतो,” कॉन्रॅड म्हणाला.

त्यानंतर तो उत्तनला गेला नाही. सुट्टी मिळाली की मीरा रोडच्या घरीच राहायचा. लुईझा म्हणायची, मम्मीला भेटून येऊ, तुळशीरामला बघून येऊ. तो म्हणायचा, पुढच्या वेळी. एकदा तिथल्याच नया नगरात लुईझाबरोबर बाजारात असताना त्याला तुळशीरामची बायको हौसाबाई दिसली. ती तिथे रोज मासळी विकायची. गिऱ्हाइकाशी हिंदीत घासाघीस करत होती. कॉन्रॅड एका चपलांच्या दुकानात शिरला आणि ती टोपली उचलून जाईपर्यंत, नको असलेल्या चपला पायात घालून बघत राहिला. घरी येताना लुईझा त्याच्यापासून दोन पावलं लांबून चालली.

मार्चमध्ये ठरलं की किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन मच्छीमारांना समजावायचं, युद्धनौकेपासून किती अंतर ठेवायचं, भोंगा ऐकला की काय करायचं. उत्तनला इशिता जाणार होती. तिने कॉन्रॅडला बोलावलं.

“तुमच्या कागदांवर जन्मगाव उत्तन लिहिलंय,” ती हिंदीत म्हणाली. “तुम्ही तर मीरा रोड सांगायचात.”

“राहतो मीरा रोडला, मॅडम.”

“चांगलं झालं. म्हाताऱ्या लोकांची बोली मला कळत नाही. तुम्ही दुभाषे म्हणून चला.”

त्याने दुसऱ्याचं नाव सुचवून पाहिलं. आईची तब्येत, गुडघा, जे सुचेल ते सांगितलं. इशिताने शांतपणे ऐकलं आणि गाडी किती वाजता निघणार ते सांगितलं.

सभा मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये होती. दुपारची वेळ. बाहेर वलांड्यांवर, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत होते, त्यांचा वास हॉलभर होता. साठ-सत्तर माणसं बसली होती, बायका दाराशी उभ्या होत्या. सोसायटीचे अध्यक्ष हरिश्चंद्र, सत्तरीचा माणूस, त्यांनी इशिताला नारळ दिला. कॉन्रॅड टोपी डोळ्यांवर ओढून टेबलाच्या कडेला बसला. पण लपायला तिथे बुरखा नव्हता.

“कॉन्रॅड!” पहिल्या रांगेतून आवाज आला. तुळशीराम उभा राहिला होता. त्याचा चेहरा उजळला होता. “अरे, तू यांच्यात हाय? मना कोनी सांगितलाच न्हाय!” त्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, “आता काय भ्यायचा न्हाय. आपला मानूस हाय. आता आपला बोलना नीट पोचंल.”

दाराशी डेल्फिनबाई होती. लेकाला गणवेशात, मॅडमच्या शेजारी खुर्चीवर बघून तिने शेजारणीचा हात धरला.

इशिता बोलली, कॉन्रॅडने गावच्या बोलीत सांगितलं. अंतर, भोंगा, वेग. लोक ऐकत होते. मग हरिश्चंद्र म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुळशीराम परत उभा राहिला. उजवा हात त्याने खिशात ठेवला होता. तो बाहेर काढला.

“मॅडमला सांग,” तो कॉन्रॅडला म्हणाला, “मी जहाजाकडं जात न्हवतो. जहाज माझ्या जालीवर येत होता. भोंगा ऐकला मी. पन जाली गेली तर वरसभर काय खायचा? म्हनून पुढं गेलो, लाल कापड खाली धरून फिरवत होतो. तो कापड म्हंजे काय, ता मॅडमला सांग. मी सांगितला तर त्यांना खरा वाटनार न्हाय. तू सांगितला तर वाटंल. तुला पोरपनापासून ठाव हाय.”

कॉन्रॅडच्या मनात आलं, दुसरंच काहीतरी सांगावं. मॅडमला बोली कळत नाही. आणि त्याच क्षणी आपल्याला हे सुचलं याचीच त्याला किळस आली.

“मॅडम,” तो म्हणाला, “ये बोल रहे हैं, लाल कपड़ा नीचे घुमाया तो मतलब, आगे जाल है, मुड़ जाओ.”

“ये इधर सबको मालूम है?”

“सबको.”

इशिताने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. ती त्याच्याकडे वळली. आवाज हळूच होता, पण टेबलावरचा माइक चालू होता.

“आपको मालूम था?”

“हां, मॅडम.”

मग दाराशी हौसाबाईचा आवाज आला.

“काय मालूम था?” ती बायकांमधून पुढे आली. “कॉन्रॅड, तुला काय मालूम था? तू कुठं होतास?”

तो उठून उभा राहिला. बसून बोलता येणार नव्हतं. “मी त्याच जहाजावर होतो,” तो बोलीत म्हणाला. “मॅडमनी मना इचारला, बोट वलखतोस का. मी वलखली. तुलशीला बी वलखला. आन् न्हाय म्हनून सांगितला. गोली मीच झाडली.”

कोणीतरी शिवी दिली. मागून खुर्ची पडली. तुळशीराम मात्र ओरडला नाही. तो काहीतरी आठवत असल्यासारखा कॉन्रॅडच्या तोंडाकडे बघत होता.

“तो बुरखेवाला,” तो सावकाश म्हणाला. “माझ्याशी हिंदी बोलला तो.”

कॉन्रॅडने मान हलवली.

“मी तुला साहेब बोललो,” तुळशीराम म्हणाला. “कॉन्रॅड, मी तुला साहेब बोललो.”

हात परत खिशात घालून तो बाहेर गेला. हौसाबाई त्याच्यामागे गेली. डेल्फिनबाई दारातच होती. लोक तिच्याकडे बघत होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

कॉन्रॅडला वाटलं, आता आपल्याला जा म्हणतील. पण हरिश्चंद्रांनी हात वर करून आरडाओरडा थांबवला. “मॅडम लांबून आल्यात,” ते म्हणाले. “काम अर्धा हाय. ह्यानी आता तरी खरा सांगावा.” मग इशिताने एकेक खूण विचारायला सुरुवात केली. माणूस पाण्यात पडला तर काय करता, इंजीन बंद पडलं तर काय, दोन बोटी एकत्र जाळं ओढत असल्या तर काय. लोक कॉन्रॅडकडे न बघता उत्तरं देत होते, आणि तो अर्धा तास एकेक वाक्य हिंदीत करत होता. त्याच्या बावीस वर्षांतला तो सगळ्यात लांब अर्धा तास.

परतताना गाडी भाईंदरला आली. मग इशिता पुढे बघतच म्हणाली, “त्या दिवशी मी दोन-तीन सेकंद थांबले होते. आठवतं?”

“हो, मॅडम.”

“तुमच्या उत्तरासाठी थांबले होते. ‘ओळखतो’ म्हणाला असतात तर आणखी थांबले असते. मला तुमची बंदूक नको होती, चीफ. बंदूक दुसऱ्याने चालवली असती. मला तुमचे डोळे हवे होते.” मग ती म्हणाली, “आणि समजा उलटं असतं? खरोखर अनोळखी बोट असती, आणि तुम्ही असंच काही लपवलं असतं? जहाजावर तीनशे माणसं होती.”

जहाजावर पोचल्यावर त्याने कागद घेतला आणि सगळं लिहून सही केली. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ‘नीट दिसलं नाही’ असं एक वाक्य मध्येच आलं. ते खोडून त्याने दुसरा कागद घेतला.

चौकशी परत उघडली. त्याला बंदुकीवरून काढलं, किनाऱ्यावरच्या भांडारात बसवलं, आणि पुढची बढती होणार नाही हे कोणी न सांगताच कळलं. मेसमध्ये काहीजण म्हणाले, उगाच लिहिलंस, नियमाने तर काहीच चुकलं नव्हतं. इशिताने मात्र उत्तनच्या खुणांचा एक तक्ता करून घेतला, आणि पहाऱ्यावरच्या खलाशांना तो शिकवायला सुरुवात झाली. त्यावर कॉन्रॅडचं नाव नव्हतं. ते असावं असं त्याला वाटलंही नाही.

लुईझाला त्याने स्वतः सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “चपलांच्या दुकानातच मला कळलं होतं काहीतरी. मला वाटलं कोणाकडून पैसे घेतले असशील. ते परवडलं असतं.”

डेल्फिनबाई रविवारी चर्चला जायची, ती दोन रविवार गेली नाही. तिसऱ्या रविवारी ती हौसाबाईकडे जाऊन आली. हौसाबाईने तिला बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं, “बाय, तू कवा पन ये. त्याला नको धाडू.”

तरी मे महिन्यात एका रविवारी कॉन्रॅड उत्तनला गेला. बोट आता सूरज चालवत होता. तुळशीराम दिवसभर वलांड्यांवर असायचा, उरलेल्या दोन बोटांनी आणि डाव्या हाताने बोंबील टांगायचा. सकाळचे दहा वाजले असतील. कॉन्रॅड थोडा लांब उभा राहिला. तुळशीरामने त्याला बघितलं आणि काम चालू ठेवलं. कॉन्रॅड अर्धा तास उभा राहून परत गेला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी हौसाबाई तिथेच होती. ती टोपली उचलून दुसऱ्या टोकाला निघून गेली.

त्या दिवशी तुळशीराम पाठमोराच म्हणाला, “गोलीचा मी समजू शकतो. हुकूम होता. ‘पता नहीं’ पन समजू शकतो एक वेल, भ्याला असशील. पन मी डेकवर पडलो होतो, रगत जात होतं, आन् तू हिंदी बोलला. ता कशाला?”

कॉन्रॅडने याचं उत्तर कितीदा मनात जुळवलं होतं. ते सगळं त्याने सोडून दिलं.

“लाज वाटली,” तो म्हणाला.

“माझी?”

“तुझी. घराची. बोंबलाच्या वासाची. सगल्याची. लई वरसां वाटत होती.”

“आन् आता?”

“आता माझी वाटते.”

तुळशीराम वळला. कॉन्रॅडने पहिल्यांदाच तो हात उजेडात नीट पाहिला. नजर काढून घ्यावीशी वाटली, पण त्याने काढली नाही. तुळशीराम काही तरी बोलेल म्हणून तो थांबला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण तुळशीरामने टोपलीतून पुढचे दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायला लागला. मासा निसटला आणि वाळूत पडला. कॉन्रॅडने वाकून उचलायला हात पुढे केला.

“राहू दे,” तुळशीराम म्हणाला. “मना जमतो.”

त्याला तीनदा प्रयत्न करावे लागले. कॉन्रॅड हात मागे घेऊन उभा राहिला आणि बघत राहिला. ऊन चढत होतं. शेवटी जोडी दोरीवर बसली, तुळशीरामने पुढची टोपली पायाने जवळ ओढली आणि तो पुढच्या दोरीकडे सरकला.

“जा आता,” तो म्हणाला. “तुझी मम्मी जेवायची थांबली असंल.”